पहिल्याच दिवशी कोड: खेड्यातल्या वर्गासाठी मोबाईल ॲपचा तयार लिनक्स संच

घाटंजी तालुक्यातल्या एका गावाच्या वाचनालयात आम्ही ॲप शिकवायला बसलो तेव्हा पहिल्या तुकडीत ११ पोरं-पोरी होती. ८ जुने लॅपटॉप होते, आणि नेट म्हणजे ज्याच्या त्याच्या फोनचा हॉटस्पॉट. पहिले ६ दिवस एकही ओळ कोड लिहून झाली नाही. एकाचं डाउनलोड ८० टक्क्यांवर तुटायचं, दुसरीचा दिवसाचा डेटा दुपारीच संपायचा, तिसऱ्याच्या मशीनवर जावाची आवृत्ती भलतीच निघायची. "सर, माह्यावालं काहून थांबलं जी?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी यायचा आणि दर वेळी कारण वेगळं असायचं. सातव्या दिवशी ४ जण आलेच नाहीत. त्यांना कोड जड गेला असं म्हणायलाही जागा नव्हती, कारण कोडपर्यंत ती पोरं पोचलीच नव्हती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे. शिकणाऱ्याच्या गळ्यात इन्स्टॉलेशन घालायचंच नाही. एका माणसानं, एका मशीनवर, चांगलं नेट असलेल्या ठिकाणी बसून सगळं एकदाच लावायचं, तपासायचं, आणि मग त्या आख्ख्या मशीनची जशीच्या तशी प्रत बाकीच्यांना द्यायची. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, हे बिनधास्त करता येतं. प्रती काढायला परवान्याची आडकाठी नाही, आणि बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येत असल्यानं एका लॅपटॉपवर तयार केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवरही सहसा सुरू होते.

पुढे ते कसं करायचं ते सांगतो. आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

कुठल्या प्रकारचा संच घ्यायचा

तयार वातावरण चार-पाच तऱ्हेनं मिळतं. ब्राउझरमध्ये चालणारं क्लाउडवरचं वर्कस्पेस सगळ्यात सोपं, पण नेट गेलं की वर्ग बंद. आमच्याकडे ढग दाटले तरी टॉवर गळपटतो, म्हणून तो विषय सोडा. व्हर्च्युअलबॉक्समधलं, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं, तयार मशीन दिसायला छान. मात्र लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल तर विंडोज अर्धी खातं आणि उरलेल्या अर्ध्यात लिनक्स, एडिटर आणि ग्रेडल (कोडमधून ॲप बांधणारं साधन) एकमेकांचा गळा धरतात. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल ८ जीबीच्या पुढे ठीक, पण यूएसबीला लावलेला फोन त्याला थेट दिसत नाही आणि नवख्याचा तिथंच गोंधळ होतो. डॉकरचे कंटेनर (साधनांसकट बांधून ठेवलेल्या पेट्या) ज्याला आधीच येतात त्याच्यासाठी. फोनवर टर्मक्स (फोनवरचं टर्मिनल) टाकून गिट (कोडचे बदल जपणारं साधन) आणि पायथन भाषेचा सराव उत्तम होतो, पण लिनक्ससाठीची अँड्रॉइडची बिल्ड साधनं इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरसाठी बनलेली आहेत, म्हणून फोनवरच ॲप बांधायच्या फंदात नवख्यानं पडू नये.

माझा कौल पूर्ण लिनक्सला आहे. घरचा लॅपटॉप पोराच्या एकट्याच्या वापरात असेल तर लिनक्स आतल्या डिस्कवर टाका. त्याच लॅपटॉपवर वडिलांचं किंवा सेवा केंद्राचं काम चालत असेल तर बाहेरच्या एसएसडीवर टाका. पोरगं वर्गाला येताना एसएसडी लावतं, लिनक्स सुरू होतं. घरी जाताना काढून घेतं, विंडोजला धक्का लागत नाही.

पेनड्राइव्हवर हे करायचा मोह होतो, कारण तो स्वस्त. पण ग्रेडल हजारो बारक्या फाईली लिहितं-वाचतं आणि साध्या पेनड्राइव्हचा तिथंच दम निघतो. जे बिल्ड एसएसडीवर दोन-तीन मिनिटांत होतं, त्याला पेनड्राइव्हवर अर्धा तास लागलेला मी पाहिला आहे. १२० जीबीची साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चं कव्हर घ्या.

सामान आणि जागा

मूळ मशीनसाठी ८ जीबी रॅमचा एक बरा लॅपटॉप हवा. मुलांचे ४ जीबीचे चालतात, फक्त प्रोसेसर ६४-बिट पाहिजे. एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह, प्रती ठेवायला एक बाहेरची हार्ड डिस्क, आणि डेटा वाहून नेणाऱ्या दोन-तीन चांगल्या केबली. केबलीचं पुढे बोलतो.

नेटसाठी गाव सोडा. मी यवतमाळला एका ओळखीच्या घरी फायबर आहे तिथं शनिवार-रविवार बसतो. लिनक्स मिंट (आपण टाकणार ती लिनक्सची आवृत्ती) हिची फाईलच ३ जीबीच्या आसपास असते, फ्लटर (ॲप लिहायचं साधन) आणि अँड्रॉइडची साधनं त्यावर. सगळं मिळून १० जीबी धरून चाला. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर एकाच मशीनला आठवडा जाईल. १० मशीनला वेगवेगळं करायचं म्हटलं तर १०० जीबी, आणि हाच हिशोब प्रत काढून १० जीबीवर येतो.

भाषा-साधन म्हणून मी फ्लटर घेतो, त्यात कोड डार्ट भाषेत लिहायचा असतो. गूगलनं डिसेंबर २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती आणली. त्याच्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतोच असं नाही, व्हीएस कोड या एडिटरवर भागतं. अँड्रॉइड स्टुडिओ किमान ८ जीबी रॅम मागतो आणि सोबत एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) चालवायचा तर १६. आपल्याकडे ते नाही. एम्युलेटरची गरजही नाही, पोरांच्या खिशातला फोन त्याच्यापेक्षा जोरात चालतो.

आयफोनचं ॲप बांधायला ॲपलचाच संगणक आणि एक्सकोड लागतं. ते या मार्गदर्शकात नाही.

मूळ मशीन तयार करणं

पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करणारं साधन) टाका. मग त्यात लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आणि क्लोनझिला (डिस्कची प्रत काढणारं साधन) या दोन्ही फाईली नुसत्या कॉपी करून ठेवल्या की दोन्ही त्याच पेनड्राइव्हवरून सुरू होतात. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे मध्येच पाया बदलावा लागत नाही. एक्सएफसीई एवढ्यासाठी की ती जुन्या मशीनवर हलकी जाते.

बाहेरच्या एसएसडीवर इन्स्टॉल करत असाल तर एक जपा. तुम्ही बाहेरची डिस्क निवडली तरी इन्स्टॉलर कधी कधी बूटलोडर (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करणारा तुकडा) आतल्या डिस्कवर लिहून ठेवतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं. एसएसडी काढली आणि ज्यांचा लॅपटॉप होता त्यांच्यासमोर काळ्या पडद्यावर ग्रबचा, म्हणजे त्या बूटलोडरचा, ठिपका लुकलुकत राहिला. म्हणून इन्स्टॉल करताना बायोसमधून आतली डिस्क बंद करा, नाहीतर मागचा स्क्रू काढून ती सरळ बाजूला ठेवा.

इन्स्टॉलर वापरकर्त्याचं नाव विचारतो तिथं एखाद्या माणसाचं नाव देऊ नका. आम्ही 'शिकाऊ' हे नाव इंग्रजी अक्षरांत देतो आणि सगळ्या मशीनवर तेच राहतं. फ्लटर आणि ग्रेडल कितीतरी ठिकाणी घरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतात, आणि नाव बदललं की ते पत्ते चुकतात.

मशीन सुरू झालं की आधी अपडेट. मग एकाच आज्ञेत, सुडो एपीटी इन्स्टॉल म्हणून, ही पॅकेजेस: गिट, कर्ल, अनझिप, झिप, एक्सझेड-युटिल्स, लिबजीएलयू१-मेसा, ओपनजेडीके-१७-जेडीके, एससीआरसीपीवाय, झेडरॅम-टूल्स, आणि अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन. या शेवटच्या पॅकेजमध्ये लिनक्सनं फोन ओळखावा यासाठीचे नियम असतात. ते नसलं की पुढे फोन जोडताना परवानगी नाही असा संदेश येतो. झेडरॅम रॅममधलाच काही भाग दाबून साठवतं, त्यामुळे ४ जीबीच्या मशीनला श्वास घ्यायला जागा मिळते.

फ्लटरची संकुचित फाईल घरच्या फोल्डरात 'डेव्हलप' नावाचा फोल्डर करून तिथं उघडा, आणि त्यातल्या 'बिन'चा पत्ता 'डॉट बॅशआरसी' या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाईलमधल्या पाथमध्ये (आज्ञा कुठं शोधायच्या त्या यादीत) जोडा. व्हीएस कोडचं डेब पॅकेज टाका आणि त्यात फ्लटरचं एक्स्टेन्शन घ्या, डार्टचं त्याच्यासोबत येतं.

अँड्रॉइडची 'कमांड लाइन टूल्स' वेगळी डाउनलोड करायची. इथं हमखास अडकतात. झिप उघडली की 'सीएमडीलाइन-टूल्स' असा फोल्डर मिळतो, आणि तो तसाच एसडीकेच्या (अँड्रॉइड ॲप बांधायच्या साधनांच्या) फोल्डरात ठेवला तर एसडीके मॅनेजर कुरकुरतो. त्याला आत आणखी एक पायरी हवी असते: एसडीके, त्यात सीएमडीलाइन-टूल्स, त्यात 'लेटेस्ट' नावाचा फोल्डर, आणि त्या लेटेस्टमध्ये बिन, लिब वगैरे. हा एक फोल्डर नसल्यापायी आमच्या पहिल्या तुकडीचा एक आख्खा दिवस गेला होता. रचना बरोबर झाली की एसडीके मॅनेजरनं प्लॅटफॉर्म-टूल्स, एक प्लॅटफॉर्म आणि बिल्ड-टूल्स उतरवा, आणि 'फ्लटर डॉक्टर डॅश डॅश अँड्रॉइड-लायसेन्सेस' चालवून परवान्यांना होकार द्या.

आता नुसतं 'फ्लटर डॉक्टर' चालवा. अँड्रॉइड टूलचेनसमोर हिरवी खूण आली की काम झालं. क्रोम सापडत नाही, क्लँग नाही, निंजा नाही अशा तक्रारी वेब आणि लिनक्स डेस्कटॉपच्या ॲपसाठी असतात. 'फ्लटर कॉन्फिग'नं ते दोन्ही प्रकार बंद करा, कारण पोरं लाल खूण पाहून घाबरतात. अँड्रॉइड स्टुडिओ नाही अशी सूचना राहील, ती राहू द्या.

जुन्या मशीनसाठी अजून एक फाईल लागते. नव्या फ्लटर प्रकल्पाच्या 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज'मध्ये जावाला ८ जीबीपर्यंत रॅम वापरायची मुभा लिहिलेली असते. ४ जीबीच्या लॅपटॉपवर त्याचा परिणाम एवढाच, की माउससुद्धा हलत नाही. प्रत्येक प्रकल्पात जाऊन ते बदलायची गरज नाही. घरच्या 'डॉट ग्रेडल' फोल्डरात त्याच नावाची फाईल करा आणि 'ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट जेव्हीएमआर्ग्ज'ची मर्यादा १५३६ एमबी लिहा. घरच्या फोल्डरातली ही फाईल प्रकल्पातल्या फाईलवर मात करते.

नेट असतानाच सगळं एकदा चालवून घ्या

या पायरीत मी कधीच घाई करत नाही. फ्लटर टाकलं म्हणजे सगळं उतरलं असं वाटतं, पण खरी ओढाताण पहिल्या बिल्डला होते. ग्रेडल स्वतःला उतरवतं, मग प्लगिन, मग लायब्रऱ्या, आणि नव्या आवृत्त्यांत एनडीके व सीमेक ही बांधणीची साधनंही. गावात पहिल्यांदा 'फ्लटर रन' केलं की दोन जीबी तिथंच जातात, ते यासाठी.

म्हणून यवतमाळच्या त्या नेटवरच एक नमुना प्रकल्प बनवा. त्याच्या 'पबस्पेक'मध्ये (पॅकेजेसच्या यादीच्या फाईलमध्ये) मुलांना पुढे लागतील ती पॅकेजेस आताच लिहा: शेअर्ड प्रेफरन्सेस, एसक्यूफ्लाइट, पाथ प्रोव्हायडर, इंटल, एचटीटीपी. मग डीबग (वर्गात तपासायचं) आणि रिलीज (लोकांना द्यायचं), दोन्ही तऱ्हेनं ॲप बांधा. रिलीज विसरायचं नाही, त्याला वेगळ्या वस्तू लागतात.

आता नेट बंद करा. केबल काढा, वायफाय बंद, विमान मोड. या स्थितीत 'फ्लटर क्रिएट डॅश डॅश ऑफलाइन' करून नवा प्रकल्प बनवा, तीच पॅकेजेस लिहा, 'फ्लटर पब गेट डॅश डॅश ऑफलाइन' करा, आणि बांधा. बांधलं गेलं तर संच गावात न्यायला तयार. अडलं तर कुठली वस्तू मिळाली नाही ते तिथंच लिहून येतं. नेट लावून ती घ्या आणि परीक्षा पुन्हा. ही परीक्षा मी दोनदा घेतल्याशिवाय उठत नाही.

सगळं जमल्यावर 'डॉट ग्रेडल' आणि 'डॉट पब-कॅश' या दोन फोल्डरांची झिप करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ग्रेडल ३० दिवस न वापरलेल्या उतरवलेल्या वस्तू आपल्या साठ्यातून आपोआप काढून टाकतं. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी लागली की लगोलग कापसाची वेचणी येते, आणि पोरं महिना-सव्वा महिना फिरकत नाहीत. परत आल्यावर कालपर्यंत नेटशिवाय बांधलं जाणारं ॲप एकदम नेट मागायला लागतं. झिप हाताशी असली की पाच मिनिटांत गाडी रुळावर येते.

प्रती काढणं

आधी साफसफाई. ब्राउझरमधली लॉगिन, वायफायचे पासवर्ड, टर्मिनलचा इतिहास पुसा. घरच्या 'डॉट अँड्रॉइड' फोल्डरात 'एडीबीकी' नावाच्या दोन फाईली असतात, त्या काढा. त्या राहिल्या तर एका मशीनला फोननं दिलेली परवानगी सगळ्या प्रतींना मिळते, आणि पोरीबाळींच्या फोनच्या बाबतीत ते मला चालत नाही. त्याच फोल्डरातली 'डीबग डॉट कीस्टोर', म्हणजे चाचणीच्या ॲपवर सही करायची चावी, मात्र ठेवा. सगळ्या मशीनवर ती एकच असली की एका लॅपटॉपवर बांधलेलं ॲप दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच फोनवर अपडेट करता येतं, आधीचं काढावं लागत नाही. प्ले स्टोअरवर टाकायच्या खऱ्या ॲपची सहीची चावी मात्र संचात कधीच ठेवू नका.

मग क्लोनझिला सुरू करून मूळ डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. ज्या डिस्कवर ती उतरवायची ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, म्हणून मूळ मशीन तुमच्याकडच्या सगळ्यात लहान डिस्कवर बांधा. इमेज उतरवायला मशीनमागे १५-२० मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात दुसरं मशीन लावता येतं.

क्लोनझिला समोरची डिस्क पूर्ण पुसतं आणि तसं दोनदा विचारतं. दोन्ही वेळा सवयीनं होय म्हणून मी एका मुलीच्या घरच्या डिस्कवरची सगळी कागदपत्रं घालवली आहेत. त्यांत सातबाऱ्याचे स्कॅन होते, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट होते. दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभं राहून ते सांगावं लागलं. तेव्हापासून नियम असा: आधी पालकांसोबत बसून डेटा बाहेर काढायचा, मग डिस्क उतरवताना तिचा आकार आणि कंपनीचं नाव मोठ्यानं वाचायचं, आणि दुसऱ्या माणसानं ते कागदावर ताडून पाहायचं.

प्रत उतरली की प्रत्येक मशीनचं नेटवर्कवरचं नाव आणि पासवर्ड बदला, गिटमध्ये मुलाचं नाव भरा. झालं.

फोन जोडणं

सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी माहिती'त जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'यूएसबीवरून इन्स्टॉल' अशी आणखी एक खिडकी असते, तीही चालू लागते. केबल लावा आणि टर्मिनलमध्ये 'एडीबी डिव्हायसेस' म्हणा, म्हणजे जोडलेल्या फोनची यादी येते.

यादी रिकामी आली तर दहातल्या आठ वेळा केबल नुसती चार्जिंगची असते. बाजारात ३०-४० रुपयांना मिळते ती बहुधा तशीच. 'अनऑथराइज्ड' आलं तर फोनचा पडदा उघडून परवानगीला होकार द्या. ज्यांच्या फोनचं सॉकेट ढिलं झालंय त्यांच्यासाठी अँड्रॉइड ११ पासून पुढे वायफायवरून डीबगिंग जमतं. राउटर किंवा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट पुरतो आणि डेटा खर्च होत नाही.

एससीआरसीपीवाय चालवलं की फोनचा पडदा लॅपटॉपवर दिसतो. भिंतीवर प्रोजेक्टर असेल तर एका पोरीचं ॲप सगळ्या वर्गाला दाखवता येतं, आणि वर्गाला सगळ्यात जास्त रंग तेव्हाच चढतो.

पहिलं ॲप: वेचणीचा हिशोब

फ्लटरचा नमुना बटण दाबलं की आकडा वाढवतो. तो एकदा चालवा, रंग बदला, फाईल साठवा आणि ॲप न थांबता फोनवर रंग बदललेला पाहा. १० मिनिटं त्याला पुरे. मग घरचं काहीतरी घ्या.

आमच्या दुसऱ्या तुकडीतल्या एका पोरीची आई मजुरांकडून कापूस वेचून घेते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो, एकेकीचं गाठोडं टांगलं जातं, आणि आई शाळेच्या जुन्या वहीत किलो लिहिते. रात्री दराशी गुणाकार. पोरगी म्हणाली, हेच करू. पडद्यावर तीन गोष्टी ठेवल्या: किलोची चौकट, दराची चौकट आणि 'मजुरी काढा' असं बटण. खाली उत्तराची ओळ.

बटणाच्या 'ऑनप्रेस्ड'मध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही चौकटींतला मजकूर घ्यायचा, 'डबल डॉट ट्रायपार्स'नं त्याचा आकडा करायचा, गुणायचं, आणि 'सेटस्टेट'मध्ये (पडदा ताजा करणाऱ्या फंक्शनमध्ये) उत्तर ठेवायचं. दाखवताना 'टूस्ट्रिंगॲजफिक्स्ड'नं दोन दशांश. चलांची नावं डार्टमध्ये इंग्रजी अक्षरांतच लागतात, पण ती 'किलो', 'दर', 'मजुरी' अशी मराठी शब्दांची असू द्या. पडद्यावरचा मजकूर अवतरणचिन्हांत सरळ देवनागरीत लिहिता येतो.

पोरीनं ४२.५ आणि १० टाकले, ४२५.०० आलं, वर्गानं टाळ्या वाजवल्या. घरी गेली, आईच्या हाती फोन दिला, आणि ॲपनं काहीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आली. आम्ही दोघं तासभर बसलो तेव्हा कळलं, आईच्या कीबोर्डवरून आकडे देवनागरीत गेले होते. डार्टला देवनागरी आकडे हे आकडे म्हणून कळत नाहीत. 'ट्रायपार्स' गुपचूप 'नल', म्हणजे 'काहीच नाही', देतो.

उपाय सोपा आहे आणि मराठी ॲप करणाऱ्या प्रत्येकानं तो पहिल्याच आठवड्यात लिहावा. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि इंग्रजी शून्याचा ४८. दोन्हीकडे पुढचे नऊ आकडे ओळीनं येतात, म्हणजे फरक कायम २३५८. मजकुरातलं एकेक अक्षर घ्या, त्याचा क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर २३५८ वजा करा, नसेल तर तसंच ठेवा, आणि मग 'ट्रायपार्स'ला द्या. तरीही 'नल' आलं तर गप्प राहू नका, 'आकडा नीट लिहा' असं पडद्यावर दाखवा. सात-आठ ओळींचं काम आहे. ते फंक्शन त्या पोरीनं स्वतः लिहिलं आणि आता ते आमच्या नमुना प्रकल्पातच असतं.

घरी द्यायला रिलीज बांधा: 'फ्लटर बिल्ड एपीके डॅश डॅश स्प्लिट-पर-एबीआय'. प्रोसेसरच्या प्रकारानुसार तीन वेगळ्या फाईली मिळतात. बहुतेक फोनला 'एआरएम६४' लागते, फारच जुना असेल तर 'आर्मईएबीआय'. एकत्र फाईलपेक्षा ही बरीच लहान असते, व्हॉट्सॲपवर पाठवायला बरी. ॲप नेटवरून काही आणत असेल, समजा बाजार समितीचे भाव, तर अँड्रॉइड मॅनिफेस्टच्या (ॲपच्या परवानग्या लिहायच्या) मुख्य फाईलमध्ये इंटरनेटची परवानगी हातानं लिहा. फ्लटर ती फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये लिहून देतं, म्हणून वर्गात भाव दिसतात आणि घरी दिलेल्या रिलीजमध्ये पाटी कोरी राहते.

प्ले स्टोअरची घाई नको. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. गावात १२ माणसं सहज मिळतात, पण ॲप त्यांच्या खरोखर कामाचं झाल्यावर.

पुढे सांभाळणं

तुकडी चालू असताना मुलांच्या मशीनवर फ्लटर अपग्रेड करू देऊ नका. अपग्रेड फक्त मूळ मशीनवर, तुकडी संपल्यावर, पुन्हा यवतमाळला जाऊन, आणि नेट बंद करून तीच परीक्षा घेतल्यावर. इमेजच्या नावात महिना आणि वर्ष लिहा आणि मागची इमेज ठेवून द्या.

लाइट जाते हे धरूनच चाला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटंही धरत नाही, म्हणून एक बटण चाललं की एक गिट कमिट (तिथपर्यंतच्या कोडची नोंद) अशी सवय लावा. नेटशिवाय कोड साठवायला माझ्या मशीनवर प्रत्येकाची एक 'बेअर' रिपॉझिटरी (गिटचं नुसतं साठवणीचं कोठार) आहे; वर्गातल्या राउटरवरून पोरं तिथं पुश करतात, म्हणजे कोड पाठवतात. राउटर नसेल तर हीच रिपॉझिटरी पेनड्राइव्हवर ठेवली तरी चालते. माहिती शोधायलाही नेट लागतंच असं नाही: व्हीएस कोडमध्ये कुठल्याही विजेटवर (पडद्यावरच्या घटकाच्या नावावर) माउस धरला की त्याचं वर्णन दिसतं आणि कंट्रोल दाबून क्लिक केलं की फ्लटरचा मूळ कोड उघडतो, कारण तो डिस्कवरच असतो.

वेचणीच्या ॲपला आईनं आता उचलीचा रकाना मागितला आहे. आठवड्याच्या मजुरीतून आधी दिलेली उचल वजा व्हायला हवी, आणि ती प्रत्येक बाईच्या नावानं लक्षात राहायला हवी. त्यासाठी डेटाबेस लागेल. एसक्यूफ्लाइट संचात आधीच आहे, तेव्हा सोमवारी तिथूनच सुरुवात करतोय.